तुम्ही विचारलंत म्हणून: रोबोटनं केलेली बरी का?

“काका, तुमची घशाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया रोबोटिकच झाली ना? मग बाबांचीही तीच करावी का?”

हा फोन इतक्यांदा आलाय की आता ‘हॅलो’नंतर घेतलेल्या श्वासावरूनच ओळखतो. नंबर अनोळखी, आवाज मुलाचा नाहीतर सुनेचा, आणि तोही दबका, कारण पेशंट शेजारच्या खोलीत असतो. मी काहीतरी सांगतो. फोन ठेवला की वाटतं, हे नव्हतं सांगायचं. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी वैताग. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी गालाचा किंवा जबड्याचा कॅन्सर असतो. अहो, त्याला रोबोट कशाला? गालातली गाठ तोंड उघडलं की समोर दिसते, सर्जनचा हात सरळ पोचतो. रोबोटचे बारीक, लांब हात (चालवतो ते सर्जनच) कामाला येतात ते हात आणि नजर दोन्ही अडतात तिथं: टॉन्सिल, जिभेचं मूळ, घशाची मागची बाजू. अमेरिकेत दा विंची नावाच्या रोबोटला या कामाची परवानगी मिळाली 2009 च्या डिसेंबरात, तीही लहान गाठींपुरती. आणि तोंडाच्या कॅन्सरमध्ये जीव कशानं वाचतो, याबद्दल टाटा मेमोरियलचा 2015 मधला अभ्यास आहे, तो तर उलटंच सांगतो. गाठ लहान आहे, मानेत हाताला काही लागत नाही, तरी पहिल्याच शस्त्रक्रियेत ज्यांच्या मानेतल्या गाठी (म्हणजे लिम्फ नोड, कॅन्सर आधी पसरतो तिथं) काढून टाकल्या, त्यांच्यातले 80 टक्के तीन वर्षांनी हयात होते. ‘आल्या तर बघू’ म्हणून थांबलेल्यांतले 67.5 टक्के. म्हणजे जास्त कापल्यानं माणसं वाचली. हे सांगितलं की पलीकडचा गप्प होतो. त्याला मोठा छेद म्हणजे जुनाट डॉक्टर, असं कुणीतरी सांगितलेलं असतं.

माझी गाठ उजव्या टॉन्सिलमध्ये होती, म्हणजे रोबोटच्या हद्दीत. (तंबाखू खात होतात का, हा दुसरा हमखास प्रश्न. नाही. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळं झाला होता. तो कुठून आला, हा तिसरा प्रश्न विचारायचा धीर अजून कुणाला झालेला नाही, तो न झालेलाच बरा.)

वाटा दोन होत्या. एक, सात आठवडे रेडिएशन, 35 वेळा, सोबत केमो. दुसरी, तोंडावाटे रोबोटनं गाठ काढायची आणि मग रिपोर्ट बघून ठरवायचं. तिसरी, जुनी वाट डॉक्टरांनी नुसती माहितीसाठी कागदावर काढून दाखवली: खालचा ओठ आणि जबडा मधोमध कापायचा, दोन्ही बाजू उघडायच्या आणि घशापर्यंत जायचं. हनुवटीवरून खाली येणारी ती पेनची रेघ बघितली आणि माझा निर्णय झाला. ती वाट मला कुणी सुचवलीच नव्हती, हे लक्षात यायला मला दोन वर्षं लागली. मी रोबोट निवडला तो त्या रेघेला घाबरून. खरी निवड रेडिएशनशी होती आणि तिचा विचार मी अर्धा तासही केला नाही.

“बिनटाक्यांची झाली ना?” हो आणि नाही. घशात एकही टाका नव्हता, कारण तिथली जखम उघडीच ठेवतात, ती आपोआप भरून येते. पण मानेतल्या गाठी तोंडातून निघत नाहीत. त्यासाठी कानामागून गळ्यापर्यंत छेद घेतात, तो माझ्याही मानेवर आहे, कॉलरखाली. उजवा हात अजून खांद्याच्या वर नेताना अडतो. रोबोटच्या जाहिरातीत मान कधी दिसत नाही.

आता शस्त्रक्रियेनंतरच्या नवव्या रात्रीबद्दल. हे मी फोनवर सांगत नाही.

घरी येऊन चार दिवस झाले होते. नाकातली नळी होती, बाकी ठीक होतं. पावणेतीनला जाग आली ती तोंडात कोमट, खारट काहीतरी भरल्यामुळं. मला वाटलं लाळ. दिवा लावला तर उशीवर तळहाताएवढा डाग. बेसिनपाशी गेलो, थुंकलो, पुन्हा थुंकलो, आणि पाच मिनिटांत ते थांबलं. पूर्ण थांबलं. मी गार पाण्यानं तोंड धुतलं आणि बायकोला म्हणालो, “झोप, काही नाही.”

डिस्चार्जच्या वेळी सिस्टरनं आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं: जखमेवरची खपली सुटते ती दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, आणि तेव्हा रक्त येऊ शकतं. चमचाभर आलं तरी निघायचं. थांबलं तरी निघायचं, कारण पहिलं थोडं येतं ते पुढच्याची वर्दी असते. सगळं ऐकलं होतं. तरी मी पलंगाच्या कडेला बसून वाद घालत होतो. थांबलंय ना, सकाळी फोन करू, रात्री कुणाला उठवायचं. बायको एक शब्द बोलली नाही. तिनं चप्पल घातली, गाडीची किल्ली घेतली आणि बाथरूममधला निळा टब माझ्या मांडीवर ठेवला. माझ्या शहाणपणात वीस मिनिटं गेली होती.

गाडीत दुसऱ्यांदा सुरू झालं. या वेळी थुंकावं लागत नव्हतं, तोंड उघडलं की येत होतं. मी पुढं वाकून, टब दोन्ही गुडघ्यांत धरून बसलो होतो. मागं टेकलो तर ते श्वासनलिकेत जाईल, एवढं एकच कळत होतं. बायको सिग्नल मोडत होती आणि मोठ्यानं आकडे म्हणत होती, का ते मला अजून माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरनं फाइल उघडायला घेतली, टबाकडं बघितलं आणि फाइल मिटली. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई धावत आल्या. रक्तानं भरलेल्या घशात श्वासाची नळी घालणं किती अवघड असतं, हे मला नंतर कळलं. त्या नुसतं म्हणाल्या, “बसूनच राहा, आडवे होऊ नका, मी सांगेन तेव्हा.” पुढचं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सर्जन म्हणाले, मानेची शस्त्रक्रिया करताना आम्ही घशाकडं जाणाऱ्या धमनीच्या फांद्या बांधून ठेवल्या होत्या, म्हणून निभावलं. ज्या छेदाबद्दल मी कुरकुर करतो, त्याच छेदातून ते केलं होतं. कुरकुर मी अजूनही करतो.

मग रिपोर्ट आला. मानेतल्या एका गाठीतून कॅन्सर किंचित बाहेर सरकलेला, एक मिलिमीटरच्या आत. म्हणजे रेडिएशन आलंच: 30 वेळा, 60 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचं माप). पहिल्या वाटेनं गेलो असतो तर 70. तेव्हा मी स्वतःला विचारलेला प्रश्न असा होता: दहा ग्रे वाचवायला घसा कापून घेतला काय?

त्याला तेव्हाच उत्तरही दिलं होतं, की केमो टळली. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधानं कान गेलेले लोक मला माहीत आहेत, माझे शाबूत आहेत. हे काही थोडकं नाही. पण ‘सर्जरी केली की एका फटक्यात मोकळं’ असं जे मी घरात छाती फुगवून सांगितलं होतं, ते खोटं निघालं. आणि त्यात मी एकटा नव्हतो. माझी शस्त्रक्रिया 2019 च्या फेब्रुवारीत झाली. त्याच वर्षी, काही महिन्यांनी, कॅनडा-ऑस्ट्रेलियातला अभ्यास छापून आला. 68 रुग्ण, निम्म्यांना रेडिएशन, निम्म्यांना रोबोट. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना नंतर रेडिएशन घ्यावंच लागलं. वर्षभरानं गिळण्याचे गुण 100 पैकी रेडिएशनवाल्यांना सुमारे 87, रोबोटवाल्यांना 80. दहा गुणांचा फरक असेल तरच माणसाला तो जाणवतो, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं, तेव्हा हा तसा मोठा फरक नव्हे. पण शस्त्रक्रियेच्या गटात एक जण रक्तस्रावानं गेला. ते वाक्य मी वाचलं आणि लॅपटॉप मिटला. त्याच्या घरी टब होता का, चप्पल घालून उभं राहणारं कुणी होतं का, हे त्या कागदात नसतं. त्याच गटाचा पुढचा अभ्यास 2022 मध्ये आला. त्यात उपचारापायी दोघे गेले, दोघेही शस्त्रक्रियेच्या बाजूचे, आणि नवे रुग्ण घेणं मध्येच थांबवावं लागलं.

मग रोबोट वाईट? थांबा. त्याच 2022 मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला. माझ्यासारख्या मधल्या धोक्याच्या लोकांना रोबोटनंतर 60 ऐवजी 50 ग्रे दिलं, तरी दोन वर्षांनी रोग न उलटलेले दोन्हीकडं 95 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आज असतो तर वीस ग्रे वाचले असते, दहा नाही. आणि नाकामागच्या भागात उलटलेल्या कॅन्सरमध्ये, नाकातून दुर्बिणीनं काढणं पुन्हा रेडिएशन देण्यापेक्षा सरस ठरलंय, तीन वर्षांनी जगलेल्यांच्या आकड्यांत. तेव्हा लहान छेद चांगला की वाईट, असं मला विचारू नका. कुठली गाठ, आणि कशाच्या तुलनेत, हे आधी सांगा. डॉक्टरांनाही तेच विचारा, आणि हेही विचारा की माझ्यासारख्या किती जणांना शेवटी दोन्ही उपचार घ्यावे लागले.

“पण आता बरे आहात ना? बाहेरून तर काही दिसत नाही.” दिसत नाही, बरोबर. पाणी पिताना मी मान उजवीकडं वळवतो, अशक्त बाजू मिटावी म्हणून. गिळण्याच्या थेरपिस्टनं शिकवलंय. विसरलो तर अर्धा घोट नाकातून येतो. चारचौघांत लोकांना वाटतं मी कुणाकडं तरी बघतोय. आवाज मात्र माझाच आहे, आणि सहा वर्षं रोग उलटलेला नाही. रेडिएशननंही हेच मिळालं असतं का? बहुधा. नक्की? एकाच माणसाला दोन्ही वाटांनी कोण पाठवणार?

तरी शेवटी सगळे विचारतातच, “पुन्हा वेळ आली तर तेच कराल?” गेल्या रविवारी एका मुलाला मी ठामपणे ‘हो’ म्हणालो. बुधवारी एका बाईंना तितक्याच ठामपणे ‘नाही’. ते दोघं भाऊबहीण आहेत, हे शुक्रवारी कळलं, तिसऱ्या फोनला.