कडक भाकरीचा डबा

मंगळवेढ्याला आजीच्या घरी फडताळात पत्र्याचा एक मोठा डबा असे आणि त्यात कडक भाकऱ्यांची चळत रचलेली असे. शेतावरून कोणी अवेळी परतले किंवा एखाद्या दिवशी चूल पेटलीच नाही, तरी तो डबा आणि शेंगाची चटणी यांच्या भरवशावर घर निर्धास्त असे.

यंदा मार्चमध्ये पुण्यातल्या गॅसवर मी तो घाट घातला. लागते ते ज्वारीचे पीठ, पाणी आणि चवीपुरते मीठ. मात्र पीठ ताजे हवे, कारण ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा मुळातच नसतो आणि दळून दिवस लोटले की असलेली विरीही जाते. उकळत्या पाण्याने पीठ भिजवून, रगडून मळले तरच भाकरी पापडाच्या जवळ जाईल इतकी पातळ थापता येते. जाड राहिली तर ती वरून करपते आणि पोटात ओलीच राहते.

पहिल्या खेपेच्या भाकऱ्या खरपूस दिसल्या, म्हणून मी त्या गरमच डब्यात रचून झाकण लावले. चौथ्या दिवशी कडांवर हिरवट बुरशी! मावशी फोनवर म्हणाली, “अगं, भाजलीस खरी, पण वाळवलीस कुठे?”

तेव्हा आठवले की आजी तव्यावरून उतरवलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी उभी करून ठेवी आणि विझत्या निखाऱ्यांच्या धगीत ती सावकाश खडखडीत होई. बुरशीला पाणी लागते, आणि ही दुसरी धग तेच काढून घेते. ‘बिस्किट’ या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थही ‘दोनदा भाजलेले’ असाच आहे. लांबच्या सफरीवर जाणारी जहाजे पीठ-पाण्याची दगडासारखी बिस्किटे भरून नेत. आजीने समुद्र पाहिलेला नव्हता.

दुसऱ्या खेपेला मी प्रत्येक भाकरी अगदी मंद आचेवर, फडक्याने दाबत, वाकवल्यास कट्‌कन मोडेपर्यंत ठेवली आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरली. कोरड्या हवेत ती महिनाभर सहज टिकते. पावसाळ्यात मात्र या फंदात पडू नये.

खाताना ती ताटात चुरायची, वर कढत आमटी ओतायची आणि थोडे थांबायचे. इतक्या खटपटीने घालवलेले पाणी ती घटकाभरात पिऊन टाकते, आणि कडेचा एखादा तुकडा तेवढा दाताखाली कुरकुरत राहतो.