गरम व्हेज सँडविच: खालची स्लाइस अखेर कोरडी

गरम व्हेज सँडविच भाजलं की खालची स्लाइस ओलसर राहायची, मागच्या वेळी मी तिथेच अडले होते. ते बरंचसं जमलंय. दोष ब्रेडचा कमी, टोमॅटो-काकडीचा जास्त. दोन्हींत जवळपास ९५ टक्के पाणी. त्यावर मीठ पडलं की ते सुटायला लागतं, आणि आपण मीठ भुरभुरून लगेच वरून ब्रेड ठेवतो. तवा तापेपर्यंत आत पाझर सुरू.

आता टोमॅटोच्या चकत्या आधीच मीठ लावून चाळणीत ठेवते. पंधराएक मिनिटांनी कोरड्या फडक्यावर टिपून घेते. बियांचा गर काढला तर आणखी कोरडं होतं, पण टोमॅटोची खरी चव त्या गरातच, म्हणून तो ठेवते. काकडीला मात्र गरम सँडविचमधून रजा दिली. भाजल्यावर ती धड कुरकुरीत राहत नाही, धड शिजत नाही. यावर वाद घालायला तयार आहे.

कांदा-सिमला मिरची मोठ्या आचेवर भराभर परतायची आणि पूर्ण गार करूनच भरायची. गरम भरली तर वाफ थेट ब्रेडमध्ये. रचना अशी: दोन्ही स्लाइसना आतून कडेपर्यंत लोणी, खाली उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, मध्ये टोमॅटो, वर चीज. लोण्याचा थर पाणी बराच वेळ अडवून धरतो. फक्त मधोमध लोणी फासून कडा कोरड्या सोडल्या तर काही उपयोग नाही.

बाहेरून खरपूस होण्याचं गणित वेगळं. पृष्ठभाग ओला असेपर्यंत तो १०० अंशांच्या फार वर जातच नाही, आणि छान तांबूस रंग साधारण १४० अंशांपुढे धरतो. त्यात लोण्यात जेमतेम ८० टक्के स्निग्धांश; उरलेलं मुख्यतः पाणी आणि थोडा दुधाचा अंश. तो अंश लवकर करपतो. म्हणून आच मंद-मध्यम, नाहीतर बाहेर काळं आणि आत चीज थिजलेलं. तुपावर रंग एकसारखा येतो, पण लोण्याचा वास हवाच असतो, म्हणून सध्या दोन्ही निम्मं निम्मं.

गॅसवरचा बंद टोस्टर थोडा मागे पडलाय. कडा छान चिकटतात, पण वाफ आतच कोंडते. वापरलाच तर मधूनच उघडून ती सोडते. तव्यावर जड झाकणाने दाबून भाजलेलं जास्त कुरकुरीत होतं. उतरवल्यावर जाळीवर ठेवायचं. ताटलीत ठेवलं की खाली वाफेचं पाणी जमतं आणि सगळी मेहनत वाया.

ब्रेड आदल्या दिवशीचा, पण फ्रिजबाहेरचा. फ्रिजमध्ये तो उलट लवकर वातड होतो. उरलाच तर सरळ फ्रीझरमध्ये.

पुढचा नंबर मशरूमचा. आधी तेल-मीठ न घालता कोरड्या तव्यावर त्यांचं पाणी आटवायचं, मग लोणी. भरायला कांद्यासोबत की एकटेच, ते अजून ठरलेलं नाही.