दर तासाला एक थेंब

अनंत चतुर्दशीला सकाळी पावणेआठ वाजता फोन आला. त्या दिवशी आमची ओपीडी बंद असते, तातडीचे रुग्ण तेवढे पाहतो. मी कॉर्निया, म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच, तिच्या विभागात सिस्टर आहे. ही काच बदलण्याच्या शस्त्रक्रियेच्या, म्हणजे रोपणाच्या, आधी आणि नंतर काय काय होणार, हे रुग्णाला आणि घरच्यांना समजावून सांगणं हे माझं मुख्य काम. माझा नंबर प्रत्येकाच्या फाइलवर लिहिलेला असतो.

फोन शिरूर तालुक्यातून होता. "ताई, ह्यांचा डोळा जरा लाल झालाय. परवा मंडळाच्या मिरवणुकीत गुलाल गेला आसंल. बुधवारी तारीख हायेच, तवाच आलो तर चालंल का?"

मी विचारलं, "वहिनी, आज कॅलेंडर वाचून घेतलंत?"

"घेतलं की. परवापातूर तारीख दिसत व्हती. आज म्हणत्यात, धुकं पडल्यावानी वाटतंय."

"मग बुधवार नाही. आत्ता निघा. काळा चष्मा लावून आणा, आणि डोळ्याला हात लावू देऊ नका."

हे कॅलेंडर वाचणं आम्ही प्रत्येक घराला शिकवतो. एक डोळा चांगला असला की दुसऱ्याची नजर कमी झालेली माणसाला कळतच नाही, दोन्ही डोळे उघडे ठेवून सगळं नीटच दिसतं. म्हणून रोज सकाळी चांगला डोळा तळहाताने झाकायचा, त्याच जागी उभं राहायचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचायची. काल दिसलेलं आज दिसलं नाही, तर फोन करायचा. लाली, उजेड सहन न होणं, नजर धूसर होणं, दुखणं या चारांपैकी एक जरी दिसलं तरी वाट पाहायची नाही.

वहिनींचे यजमान म्हणजे भाऊ. त्यांची कथा ऊसतोडीपासूनची. तीन वर्षांपूर्वी उसाचं पान डाव्या डोळ्यात सपकन लागलं. मेडिकलमधून थेंब आणून चार दिवस घातले. ते स्टिरॉइडचे, म्हणजे शरीराचा प्रतिकार दाबणारे, निघाले. पालापाचोळा लागून डोळ्यात बुरशीची जखम झाली असेल, तर स्टिरॉइड म्हणजे बुरशीला मोकळं रान. आमच्याकडे आले तेव्हा जखम खोल गेली होती. बुरशीवरच्या औषधाने कित्येक आठवड्यांनी ती भरली, पण मधोमध पांढरं फूल पडलं ते पडलंच. मग प्रतीक्षायादी, आणि १४ महिन्यांनी, जानेवारीत, रोपण.

लोक म्हणतात "डोळा बसवला". अख्खा डोळा कुणी बसवत नाही. पुढची पारदर्शक काच तेवढी बदलतात. ती मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. डोळ्याभोवती भुलीचं इंजेक्शन देतात, फुलाचा सुमारे ८ मिलिमीटरचा गोल तुकडा काढतात आणि दात्याचा किंचित मोठा तुकडा तिथे शिवतात. भाऊंना १६ टाके होते. तो धागा केसापेक्षा बारीक असतो, ट्रेमध्ये ठेवला तर नुसत्या डोळ्यांनी चटकन सापडत नाही. हे सगळं तासा-दीड तासात उरकतं. लोक घाबरतात तेव्हा मी सांगते की पहिलं यशस्वी रोपण १९०५ साली एडुआर्ड त्झिर्म यांनी केलं, तेव्हा असा धागाही नव्हता आणि आजची औषधंही नव्हती.

खरी परीक्षा पुढे असते. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर लख्ख दिसेल अशी आस लावून सगळे बसलेले असतात, आणि दिसतं धूसर. डोळ्यातून पाणी येतं, खडा टोचल्यासारखं वाटतं. काही आठवडे अंघोळ मानेखालूनच, झोपताना डोळ्यावर कडक कवच, ओझं उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही, चुलीच्या धुरात आणि शेतातल्या धुळीत जायचं नाही. टाके महिनोन्महिने राहतात, त्यांच्या ताणाने काच वेडीवाकडी होते, म्हणून चष्म्याचा नंबर स्थिर व्हायला वर्षही लागतं. हे मी आधीच सांगते. नाहीतर पट्टी सुटल्यावर रुग्णाला फसवल्यासारखं वाटतं.

त्या दिवशी मिरवणुकीमुळे रस्ते बंद होते. पुतण्याने दोघांना मोटारसायकलवरून पुण्यातल्या संचेती चौकापर्यंत आणलं आणि तिथून तिघं चालत आले. वहिनींनी पदर भाऊंच्या तोंडासमोर धरला होता. साडेअकरा वाजले होते. ढोल-ताशांनी खिडकीच्या काचा थरथरत होत्या.

डॉक्टर मॅडमनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, पाहिलं. गुलालाचा कण नव्हता. काच म्हणजे घड्याळाची तबकडी धरली तर चाराच्या आकड्याजवळचा एक टाका सैल पडून त्यावर चिकट धागा जमला होता, आणि काचेच्या आतल्या बाजूला पांढरे बारीक ठिपके दिसत होते. शरीराने दात्याची काच परकी म्हणून ओळखली होती. मॅडमनी मला भिंगातून पाहू दिलं. इतकी वर्षं झाली, तरी ते ठिपके पाहताना पोटात गोळा येतो. काचेच्या आत पेशींचा एकच थर असतो. तो सतत पाणी बाहेर उपसतो, म्हणून काच स्वच्छ राहते. त्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. बुधवारपर्यंत थांबलो असतो तर किती उरल्या असत्या, ठाऊक नाही.

"थेंब दिवसातून किती वेळा घालताय?" मॅडमनी विचारलं. भाऊ खाली पाहू लागले. वहिनीच म्हणाल्या, "दिसाआड एकदा." सांगितले होते दिवसातून दोन वेळा.

"का हो भाऊ?"

"ताई, तुम्हीच म्हणालात ना, स्टिरॉइडनंच डोळा गेला. बाटलीवरचं नाव पुतण्यानं मोबाइलवर बघितलं. ह्यो बी स्टिरॉइडच."

मी गप्प झाले. तीन वर्षांपूर्वी त्या थेंबांवरून मीच त्यांना रागावले होते. मग जानेवारीत त्याच जातीचं औषध त्यांच्या हातात दिलं, आणि फरक सांगितला नाही. जखमेत बुरशी जिवंत असताना हे औषध घातक असतं. रोपणानंतर शरीराला शांत ठेवतं ते हेच. त्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो, म्हणून दर भेटीत दाब तपासतो. ही तीन-चार वाक्यं माझ्याकडून राहून गेली होती. भाऊंनी मन लावून ऐकलं होतं, उणीव माझ्या सांगण्यात होती. मी हात जोडून तसं म्हणाले.

सैल टाका काढला, दाखल करून घेतलं, आणि दर तासाला थेंब सुरू केले, रात्रीसुद्धा. रात्रभर मिरवणूक चालूच होती, त्यामुळे झोप कुणालाच नव्हती. वॉर्डात थेंब नर्सने घालायचे असतात, पण वहिनी म्हणाल्या, "घरी मलाच घालायचंत, आत्ताच शिकवा." खालची पापणी अलगद ओढायची, बाटलीचं टोक कुठेही टेकू द्यायचं नाही, एकच थेंब, मग दोन मिनिटं डोळा मिटून ठेवायचा, दुसरं औषध असेल तर पाच मिनिटांनी. पहिल्या दोन वेळा थेंब गालावर गेला. तिसऱ्यापासून हात बसला. मोबाइलचा गजर वाजायच्या आधीच त्या हात धुऊन उभ्या असायच्या. मधेच विचारलं, "ज्यांची ही काच, त्या कोण व्हत्या?" ते सांगता येत नाही. एवढंच म्हणाले की मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्यांच्या घरच्यांनी फोन केला होता, तेवढ्या दुःखातही.

तिसऱ्या दिवशी ठिपके कमी झाले होते, सूज उतरू लागली होती. वहिनींनी भाऊंचा उजवा डोळा तळहाताने झाकला आणि वॉर्डातल्या कॅलेंडरकडे तोंड केलं.

"तारीख दिसतीया. खालचं बारीक नाय अजून."

"दिसंल," त्या म्हणाल्या.

सुट्टी देताना भाऊंनी विचारलं, "ताई, ह्यो थेंब किती दिवस?"

"हळूहळू कमी करू. एक थेंब कदाचित कायमचा राहील. बंद कधी करायचा ते मॅडम सांगतील, पुतण्याचा मोबाइल नाही."

ते वहिनींकडे वळून म्हणाले, "लिहून घे."