डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या नावापुढचा आकडा

वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करताना दर वर्षी बढतीच्या अर्जांच्या दिवसांत प्राध्यापकांच्या शोधनिबंधांच्या याद्या माझ्या टेबलावर येतात. लेख कोणत्या जर्नलमध्ये आला, ते जर्नल इंडेक्स्ड म्हणजे मान्य सूचीत नोंदलेले आहे का, लेखाला किती सायटेशन मिळाली, म्हणजे इतरांनी त्याचा किती वेळा संदर्भ दिला, हे तपासून मी शेवटच्या रकान्यात एच-इंडेक्स भरते. ज्याच्या दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा सायटेशन आहेत त्याचा एच-इंडेक्स दहा, असा हा २००५ पासून रूढ झालेला साधा हिशेब आहे. यंदा वंध्यत्वावर काम करणाऱ्या एका डॉक्टरांची यादी तपासत असताना भारतातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म घडवणाऱ्या कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांची मला आठवण झाली आणि काम संपल्यावर मी त्यांचीच यादी शोधायला बसले.

पहिली अडचण नावापासूनच सुरू झाली. त्यांचे आडनाव कुठे मुखर्जी आहे तर कुठे मुखोपाध्याय, आणि रोमन लिपीत मुखर्जीचेही स्पेलिंग एकसारखे नाही. त्यामुळे एकाच माणसाचे काम डेटाबेसमध्ये दोन-तीन माणसांत वाटले जाते. कलकत्ता आणि एडिनबरा अशा दोन विद्यापीठांची पीएच.डी. मिळवलेल्या या संशोधकाचे इतरही लेख आहेत. परंतु ज्या कामासाठी आज त्यांचे नाव घेतले जाते, त्याचा छापील आधार म्हणजे १९७८ च्या ‘इंडियन जर्नल ऑफ क्रायोजेनिक्स’मधील एक निबंध. मानवी भ्रूण शून्याखालील तापमानात दीर्घकाळ टिकवता येईल का, हा त्याचा विषय. शीतकरणाच्या तंत्राला वाहिलेले हे नियतकालिक स्त्रीरोगतज्ज्ञांच्या नजरेस सहसा पडण्यासारखे नव्हते.

जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईझ ब्राउन हिचा जन्म २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये झाला आणि १२ ऑगस्टला ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो घडवणाऱ्या स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांचे छोटेसे पत्र छापून आले. त्यानंतर ३ ऑक्टोबरला, म्हणजे लुईझनंतर अवघ्या ७० दिवसांनी, कलकत्त्यात ‘दुर्गा’ या नावाने ओळखली गेलेली मुलगी जन्मली. एडवर्ड्स यांनी नैसर्गिक पाळीतले एकच स्त्रीबीज लॅपरोस्कोपने, म्हणजे पोटात घालायच्या दुर्बिणीने, मिळवले होते. सुभाष मुखर्जी, क्रायोबायॉलॉजिस्ट म्हणजे अतिशीत तापमानात पेशी टिकवण्याचे तज्ज्ञ सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य यांनी मात्र आधी संप्रेरकांची इंजेक्शने देऊन अनेक बीजे वाढवली, ती योनिमार्गातून छोटा छेद घेऊन काढली, तयार झालेले भ्रूण गोठवून ५३ दिवस ठेवले आणि नंतरच्या पाळीत गर्भाशयात सोडले. आज आपल्याकडच्या आयव्हीएफ (शरीराबाहेर बीज फलित करण्याच्या) केंद्रांमध्ये इंजेक्शनांचा कोर्स, योनिमार्गातून बीज काढणे आणि भ्रूण गोठवणे या तिन्ही गोष्टी रोजच्या झाल्या आहेत, म्हणून त्यांच्या कामाचा हा तपशील मी मुद्दाम देते आहे. ऑस्ट्रेलियातील ट्राउनसन आणि मोर यांचा गोठवलेल्या भ्रूणापासून राहिलेल्या गर्भाचा अहवाल ‘नेचर’मध्ये आला तो १९८३ साली. पुढच्या संशोधकांनी साहजिकच त्याचाच संदर्भ दिला.

सायटेशन मिळण्यासाठी आधी काम लोकांसमोर यावे लागते आणि मुखर्जींना नेमके तेच करू दिले गेले नाही. पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा अविश्वसनीय ठरवला. मुलीच्या कुटुंबाला प्रसिद्धी नको असल्यामुळे मुलीला पुरावा म्हणून पुढे करणे त्यांना शक्य नव्हते. जपानमधील परिषदेला जाण्याची परवानगी त्यांना नाकारण्यात आली. १९८१ च्या जूनमध्ये त्यांची बदली नेत्ररोगांच्या संस्थेत झाली. संप्रेरकांवर आयुष्य घालवलेल्या माणसाला तिथे करण्यासारखे काय होते, हा प्रश्न मला आजही छळतो. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आपले जीवन संपवले. तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते.

पुढची गोष्ट परळची आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून जन्मलेली मुलगी भारताची पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून देशभर गाजली. १९९७ मध्ये आनंद कुमार कलकत्त्याला गेले असता मुखर्जींची हस्तलिखित टिपणे आणि कागदपत्रे त्यांच्या हाती आली. त्यांनी ती बारकाईने तपासली आणि त्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहून भारतातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार सुभाष मुखर्जीच आहेत, असे स्पष्ट मांडले. हे लिहिताना ज्याचा पहिला क्रमांक जाणार होता तो माणूस ते स्वतःच होते. इतकी वर्षे संदर्भसूच्या वाचताना एवढ्या वजनाचे दुसरे सायटेशन माझ्या पाहण्यात आलेले नाही, आणि तरीही मोजणीत ते इतर कोणत्याही सायटेशनसारखे एकच धरले जाते.

आनंद कुमार यांच्या लेखानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही मुखर्जींच्या कामाची दखल घेतली. ‘दुर्गा’ स्वतः २००३ मध्ये, पंचविसाव्या वाढदिवसाच्या सुमारास, आपली ओळख उघड करून लोकांसमोर आली आणि आपला जन्म कोणाच्या कामामुळे झाला हे तिने जाहीरपणे सांगितले.