“हा कोणता तारा?” याला काय उत्तर द्यायचं

आकाशनिरीक्षणाच्या एका ऑनलाइन समूहाची मी मॉडरेटर आहे. नवीन सभासदाची पहिली पोस्ट बहुतेक वेळा ठरलेली असते. मोबाइलवर काढलेला हललेला फोटो, काळ्या आकाशात एक पांढरा ठिपका आणि खाली, “हा कोणता तारा?” वेळ नाही, दिशा नाही, ठिकाण नाही.

“आधी शोधून बघा, हा प्रश्न हजारदा झालाय” असं उत्तर कुणीतरी टाकतंच. “ध्रुवतारा असेल हो” असं म्हणून दात काढणाराही एक असतो, आणि त्यालाच सगळ्यात जास्त लाइक्स मिळतात. पण मला खरा वैताग येतो तो स्वागताच्या भडिमाराचा. जोडलेले हात, फुलं, “समूहात मनःपूर्वक स्वागत!” मन चांगलंच असतं लोकांचं. पण या सगळ्याखाली प्रश्न गाडला जातो. पाहुण्याला ओवाळून आत घेतलं आणि पाणी विचारायचंच राहिलं, तशातली गत.

माझ्या मते स्वागत म्हणजे त्याचा अर्धवट प्रश्न पुरा करायला मदत करणं. मध्यंतरी एका ताईंनी अशाच फोटोखाली विचारलं, “किती वाजता पाहिलंत? कुठल्या दिशेला? लुकलुकत होता का?” फोटो टाकणाऱ्या मुलाने सांगितलं: सूर्य मावळल्यावर तासाभराने, पश्चिमेला, अजिबात लुकलुकत नव्हता. मग ताईंनी लिहिलं, बहुधा शुक्र. तारा इतका लांब असतो की तो आपल्याला नुसता बिंदू दिसतो, त्यामुळे हवेची जराशी हालचालही त्याचा प्रकाश थरथरवते. ग्रहाची मात्र इवलीशी का होईना, चकती असते. तिच्या वेगवेगळ्या भागांची थरथर एकमेकींत मिसळून जाते आणि प्रकाश स्थिर वाटतो. शेवटी एक ओळ जोडली: शुक्र सूर्यापासून साधारण ४७ अंशांपलीकडे जात नाही, त्यामुळे मध्यरात्री डोक्यावर काही चमकताना दिसलं तर शुक्राचं नाव सोडून द्या.

त्या मुलाच्या पुढच्या पोस्टमध्ये वेळ आणि दिशा आपोआप आली. नियमांची लांबलचक यादी आम्ही समूहात वर पिन केलेलीच होती. ती कुणी वाचत नाही. माणसं नियम वाचून शिकत नाहीत, आजूबाजूला काय चालतं ते बघून शिकतात. पहिल्या दहा प्रतिक्रिया टवाळीच्या दिसल्या की अकरावाही टवाळीच करणार.

हे दुखणं जुनं आहे. यूझनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावर, दर सप्टेंबरला विद्यापीठांतले नवे विद्यार्थी यायचे, थोडे दिवस गोंधळ व्हायचा, मग जुनी मंडळी त्यांना वळण लावायची. पुढे एओएलसारख्या ऑनलाइन सेवा देणाऱ्या कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना यूझनेटची दारं उघडली आणि लोंढा थांबेचना. म्हणून १९९३चा सप्टेंबर कधी संपलाच नाही, असं तिथले जुने लोक म्हणतात. मला यात एक गोष्ट दिसते: शिकवणारे थोडे आणि येणारे फार झाले की आधी उत्तरांचा सूर बिघडतो, माहिती नंतर.

इंग्रजी विकिपीडियाचं उदाहरण तर मी आमच्या जुन्या सभासदांना वारंवार ऐकवते. तिथे सक्रिय संपादकांची संख्या २००७ च्या सुमारास शिखरावर होती, नंतर घसरत गेली. अभ्यासकांना त्याचं एक कारण सापडलं ते असं: चांगल्या हेतूने लिहिणाऱ्या नवख्यांचंही लेखन झटपट पुसलं जाऊ लागलं होतं, आणि असे लोक परत येत नव्हते. नवख्यांना चावू नका, अशी मार्गदर्शक सूचना तिथे होतीच की! २०१२ मध्ये त्यांनी ‘टीहाउस’ नावाची जागा सुरू केली, जिथे नवख्यांनी काहीही विचारावं आणि अनुभवी माणसांनी नीट उत्तर द्यावं. प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांची साइट असलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोनेही २०१८ मध्ये स्वतःच कबूल केलं की आपल्याकडे नव्या माणसाला परकं वाटतं. त्याच वर्षी तिथे नवख्याच्या नावाजवळ खूण दिसू लागली, म्हणजे उत्तर देणाऱ्याने जरा सबुरीने घ्यावं.

आम्ही पोस्ट लिहायच्या चौकटीतच वेळ, दिशा आणि ठिकाण असे तीन रकाने टाकले. पिन केलेल्या यादीपेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त झाला. दुसरं, माहिती चुकली तर ती सगळ्यांसमोरच सुधारायची, नाहीतर चूक तशीच फिरत राहते. बोलणं चुकलं तर मात्र त्या माणसाला खासगीत सांगायचं. गोडगोड बोलण्याच्या नादात चुकीचं उत्तर चालवून घेणं मला मान्य नाही. नवख्याचा तोही अपमानच.

आता राहतो प्रश्न आमच्या एका सरांचा. दुर्बिणीच्या आरशांबद्दल त्यांच्याइतकं आमच्यात कुणालाच कळत नाही, आणि नवख्यांना त्यांच्याइतकं कुणी पळवूनही लावत नाही. त्यांना काढून टाका, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. मी त्यांना विनंती केली की पहिल्या पोस्टवर तुम्ही उत्तर देऊ नका, आरशाचे अवघड प्रश्न मी तुम्हाला टॅग करत जाईन. ते “बघतो” म्हणाले. सध्या बघतायत.