छातीच्या सोनोग्राफीत न्यूमोनिया कळतो का? तुम्ही विचारलंत म्हणून

'डॉक्टर, सोनोग्राफी पोटाची असते ना? छातीची करून न्यूमोनिया किती वाढलाय ते कसं कळणार?' वॉर्डाबाहेर हे कुणी ना कुणी विचारतंच. लगेच पुढचा प्रश्न येतो, 'स्कोअर किती आला?' 2021 च्या कोरोनाच्या त्या उन्हाळ्यापासून छातीच्या सीटी स्कॅनचा 25 पैकीचा आकडा नाशकात घरोघरी पाठ आहे.

कळतं, पण जरा उलट्या वाटेने. हवा ध्वनिलहरींना आत जाऊ देत नाही, त्यामुळे निरोगी फुफ्फुस दिसतच नाही. दिसते ती त्याच्या आवरणाची चकचकीत रेघ, श्वासाबरोबर सरकणारी, आणि तिच्याखाली तिचेच आडवे पडसाद. कोरोनासारख्या विषाणूच्या न्यूमोनियात हवेच्या जागी पाणी-सूज आली की त्या रेघेपासून पडद्याच्या तळापर्यंत उभे पांढरे पट्टे सुटतात. याच बी-लाइन्स. आजार वाढला की त्या एकमेकींत मिसळतात, आणि फारच बिघडलं तर तो भाग यकृतासारखा भरीव दिसायला लागतो.

परवा निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार होते. पुढून प्रोब, म्हणजे मशीनचं अंगावर टेकवायचं टोक, फिरवला, सगळं स्वच्छ. मुलगा खूश. म्हटलं, 'काका, जरा कुशीवर वळा.' पाठीला फऱ्याच्या खाली प्रोब टेकवला आणि दोन्ही बाजूंना पट्टेच पट्टे. आवरणाची रेघही खडबडीत, तुटक. कोरोनाच्या न्यूमोनियाची खोडच ती: दोन्हीकडे, ठिकठिकाणी, आणि जास्त करून पाठीमागे, खाली. नुसती पुढून केलेली तपासणी मी तरी धरत नाही.

दोन्ही बाजू मिळून 12 जागा बघतो, प्रत्येकीला 0 ते 3 गुण (जास्त गुण म्हणजे जास्त बिघाड), एकूण 36. काकांचे 14 आले. मुलाने लगेच मोबाइलवर 25 चा हिशेब मांडला! तो जुळत नाही. सीटीत फुफ्फुसाच्या पाच खणांना गुण असतात, मोजायची रीतच वेगळी. मला 14 पेक्षा महत्त्वाचं हे, की उद्या-परवा त्याच जागा पुन्हा बघता येतात. किरणोत्सर्ग नाही, ऑक्सिजनवरचा पेशंट खाटेवरून हलवायचा नाही. तरी निर्णय एकट्या आकड्यावर होत नाही. ऑक्सिजन आणि मिनिटाला श्वास किती, हे शेजारी लागतंच.

हृदय थकलेल्या पेशंटलाही बी-लाइन्स दिसतात. तिथे त्या बहुधा दोन्हीकडे सारख्या आणि आवरणाची रेघ गुळगुळीत असते, पण हे ओळखायला हात बसावा लागतो.

'मशीन घरी आणा' म्हणणाऱ्यांना मात्र नाहीच म्हणतो. गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे सोनोग्राफीचं मशीन नोंदणीच्या जागेबाहेर वाटेल तिथे नेता येत नाही.

मग सीटी कधी? आवरणापर्यंत न पोचलेला, आत खोलवरचा डाग सोनोग्राफीला सापडत नाही. म्हणून इथे थोडकंच दिसतंय आणि ऑक्सिजन मात्र उतरतोय, किंवा फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळीची शंका आहे, तर मी स्वतःच सीटीची चिठ्ठी लिहून देतो.