मूर्तीएवढी पावडर

अनंत चतुर्दशीनंतरचा दुसरा दिवस, रात्री साडेदहा

वार्षिक अहवालासाठी माहिती मागवणारं परिपत्रक आलं आहे. शिक्षकांच्या कामगिरीचे रकाने नेहमीचेच: पीएचडी, शोधनिबंध, पेटंट, पुरस्कार. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) पोरांच्या वाट्याला एक ओळ, ‘मूर्ती व निर्माल्य संकलन केले’. किती मूर्ती आल्या ते छापून येईल. किती विरघळल्या, हे विचारणारा रकानाच नाही.

मूर्तीचं घट्ट झालेलं प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम, ते नुसत्या पाण्यात महिनोन्महिने तसंच राहतं. ते घरीच बादलीत विरघळवायचा उपाय पुण्याचाच, पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलचा (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा): अमोनियम बायकार्बोनेट. बेकरीवाले बिस्किटं फुलवायला वापरतात तेच. जिप्समचं कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसतं, अमोनियम सल्फेट पाण्यात उतरतं, कार्बन डायऑक्साइड फसफसून निघून जातो. रेणुभारांचा हिशेब मांडला तर १ किलो जिप्समला साधारण ९२० ग्रॅम पावडर लागते. म्हणून ‘मूर्तीएवढी पावडर’. महापालिका पावडर देते, पण मूर्तीचं वजन कुणी करायचं? घरोघरी अंदाजानं दोन मुठी टाकतात आणि चौथ्या दिवशी ‘हे काही खरं नाही’ म्हणतात. सोसायट्यांमध्ये फिरणाऱ्या पोरांच्या हातात पत्रकांच्या गठ्ठ्याऐवजी टांगता काटा द्यावा.

पाण्यातही चूक होते. १ किलो पावडर विरघळायलाच ५ लिटरच्या आसपास पाणी लागतं, शिवाय मूर्ती पूर्ण बुडायला हवी. छोट्या मूर्तीला १० लिटर धरावं. बादली प्लास्टिकची, तांब्या-पितळेचं भांडं अमोनियानं खराब होतं. लवकर व्हावं म्हणून गरम पाणी ओतलं, तर पावडर मूर्तीला लागण्याआधीच अमोनिया होऊन उडते आणि घरभर वास सुटतो. पुडी उघडी राहिली तरी तेच होतं, फक्त हळूहळू.

सगळ्यात जास्त घोटाळा ढवळण्यात. तयार होणारं कॅल्शियम कार्बोनेट मूर्तीवरच साय धरतं आणि आतलं प्लास्टर झाकून टाकतं. दर दोन-तीन तासांनी काठीनं ढवळून ती साय मोडावी लागते. ऑइलपेंटचा थर असेल तर पाणी आत शिरतच नाही. अशी मूर्ती पाटाच्या बाजूनं, रंग नसलेल्या तळातून विरघळत जाते. पावडर टाकण्याआधी त्याच तळावर पाण्याचे चार थेंब टाकून बोटानं चोळावं. चिखल झाला तर शाडू, पावडरीची गरजच नाही. थेंब शोषून कडकच राहिलं तर प्लास्टर.

उरलेलं पाणी खत म्हणून चालतं, पण भरपूर पाणी घालून आणि फक्त शोभेच्या झाडांना. रंगात काय होतं याची खात्री नसताना कुंडीतल्या मेथी-कोथिंबिरीला घालू नये. पत्रकांवर हे वाक्य बारीक अक्षरात असतं. असलंच तर.

निर्माल्याचं थोडक्यात: हारातला दोरा काढल्याशिवाय श्रेडरमध्ये काही टाकायचं नाही, तो पात्याच्या दांड्याला गुंडाळतो आणि यंत्र थांबतं. झेंडू ओला असतो, त्यात सुका पालापाचोळा मिसळला नाही तर कंपोस्टऐवजी घाण वास.

एनएसएसचे दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. घाटावर उभं राहिलेले तास हजेरीपटावर चढतात. रात्री दोनला उठून बादली ढवळणाऱ्याचे चढत नाहीत. शंभर स्वयंसेवकांमागे एक कार्यक्रम अधिकारी, तो एरवी तास घेणारा प्राध्यापक. किलो-किलोच्या पुड्या बांधून, हवाबंद करून देणारा प्रयोगशाळा परिचर तर कुठल्याच तक्त्यात नाही. परिपत्रकात ‘इतर’ असा एक रकाना आहे, दोन ओळींचा. त्याचं नाव तिथं बसेल.

कालच्या बादल्यांचा तळ अजून दाणेदार लागतोय. पुढचं ढवळणं साडेबाराला.